वाचक विचारतात : ॲटलास ओलांडून सहाराकडे

मोरोक्को देशातील ॲटलास पर्वत, तेथील बर्बर गावे आणि सहाराची वाळू अशा क्रमाने मोटारीने नेणाऱ्या, मार्गदर्शकासह होणाऱ्या सहलींविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या भागांतील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांचा आशय थोडक्यात देऊन उत्तरे येथे देत आहे. बर्बर हे नाव आपल्याकडे रूढ असले तरी ते लोक स्वतःला अमाझिघ म्हणवतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.

टिळकवाडी, बेळगाव येथील एक वाचक : आम्हा चार कुटुंबांसमोर तीन प्रस्ताव आहेत. पहिला माराकेशहून झागोरा, दोन दिवस. दुसरा माराकेशहून मर्झुगा आणि परत, तीन दिवस. तिसरा माराकेश ते फेस, दहा रात्री. तिसऱ्याचा खर्च अर्थातच मोठा आहे. वाळवंट तर तिन्हीकडे दिसेल, मग जास्त पैसे का भरावेत?

वाळवंट तिन्हीकडे दिसेल, परंतु आपल्या मनात जे वाळवंट आहे ते पहिल्या सहलीत दिसणार नाही. झागोराच्या आसपासचा प्रदेश खडकाळ आणि मुरमाड आहे, आणि वाळूच्या ज्या टेकड्या आहेत त्या लहान आहेत. दोन दिवसांच्या सहलीत मुक्काम त्यांच्याच जवळ होतो. त्या बाजूच्या मोठ्या टेकड्या, म्हणजे एर्ग शिगागा, मऽहमीद गावाच्याही पुढे आहेत आणि तेथे चारही चाकांना जोर असलेल्या जीपने किंवा उंटावरूनच पोहोचता येते. मर्झुगाला लागून असलेल्या एर्ग शेब्बीच्या टेकड्या मात्र सुमारे 150 मीटरपर्यंत उंच आहेत आणि डांबरी रस्ता थेट त्यांच्या पायथ्याशी जातो. म्हणून पहिला प्रस्ताव मी बाजूला ठेवीन.

दुसऱ्या प्रस्तावाची अडचण अंतराची आहे. माराकेश ते मर्झुगा हे अंतर सुमारे 560 किलोमीटर आहे आणि त्यातील मोठा भाग घाटाचा आहे. तीन दिवसांत जाऊन परत यायचे म्हटले की तिसरा संपूर्ण दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडीत जातो, वाळूत मिळते ती एक संध्याकाळ आणि एक पहाट, आणि वाटेतल्या दादेस खोऱ्यात किंवा तोद्रा घळीत पाय मोकळे करण्यापुरतेच थांबता येते. तोद्राच्या अरुंद घळीत दोन्ही बाजूंना सुमारे 300 मीटर उंचीचे कडे सरळ उभे आहेत, तळाशी स्वच्छ पाण्याचा ओहोळ वाहतो आणि स्थानिक कुटुंबे सुट्टीच्या दिवशी पाण्यात पाय सोडून, चहाची किटली मांडून बसलेली असतात. अशा जागेसाठी घड्याळ हातात धरून वीस मिनिटे देणे मला योग्य वाटत नाही.

तिसरा प्रस्तावच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्यातील रात्रींची वाटणी तपासून घ्यावी. माराकेशला दोन रात्री पुरतात. त्यानंतर ॲटलासमधील एखाद्या गावात, उदाहरणार्थ समुद्रसपाटीपासून सुमारे 1740 मीटरवरील इमलिलला, दोन रात्री मागाव्यात. पुढे तिझि न तिश्का ही 2260 मीटर उंचीची खिंड ओलांडून आइत बेनहद्दू या मातीच्या तटबंदी गावी एक, तोद्रा किंवा दादेसला एक, मर्झुगाला दोन, उत्तरेकडे परतताना मिदेल्त किंवा अझ्रूला एक आणि शेवटी फेसला एक, अशी मांडणी झाली तर कोणत्याही ठिकाणी धावपळ होत नाही. मर्झुगा ते फेस हा टप्पा सुमारे 470 किलोमीटरचा असल्यामुळे तो दोन दिवसांत विभागणे आवश्यक आहे, आणि तसे केले म्हणजे अझ्रूजवळच्या देवदाराच्या जंगलात, जेथे शेपटी नसलेली बार्बरी माकडे राहतात, सकाळी निवांत फिरता येते. दहा रात्री जमत नसतील तर पाच-सहा रात्रींची सहल घ्यावी, परंतु ती फेसला संपणारी असावी. आल्या वाटेने माराकेशला परतणारी नसावी.

आयोजकाला विचारण्याचा पहिला प्रश्न हॉटेलच्या ताऱ्यांविषयी नसून रोज किती तास गाडीत बसावे लागेल याविषयी असावा. एखाद्या दिवशी सात तास झाले तर चालते, रोज सात तास चालत नाही. दुसरा प्रश्न असा की दिलेल्या रकमेत परदेशी सहलीवर आकारला जाणारा टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, धरला आहे काय. ती रक्कम आयकर विवरणपत्रात जमा दाखवता येते, म्हणून तिची पावती मागून घ्यावी. चोर्ला घाटात ज्यांना मळमळते त्यांनी तिश्का खिंडीच्या दिवशी गोळी आधीच घ्यावी आणि पुढच्या आसनावर बसावे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ही खिंड हिमवर्षावामुळे काही वेळ बंद होऊ शकते, तेव्हा त्या दिवसांत पुढचा मुक्काम रद्द झाल्यास काय करणार हेही लिहून घ्यावे.

खानापूर तालुक्यातील एक वाचक : गावांत राहायचे म्हणजे नेमके काय? गावकरी पर्यटकांना कंटाळलेले नसतील का? शिवाय तेथे मोठा भूकंप झाला होता, आता जाणे बरोबर होईल का?

भूकंपाविषयी आधी लिहितो. 8 सप्टेंबर 2023 च्या रात्री माराकेशच्या नैर्ऋत्येस, अल हौझ प्रांतात, 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे तीन हजार माणसे दगावली. सर्वाधिक हानी पर्वतातील दगड-मातीच्या घरांची झाली. 1993 साली किल्लारीच्या भूकंपात जाड, जड भिंतींनी काय केले हे ज्यांना आठवते त्यांना या दुर्घटनेचे कारण निराळे सांगावे लागणार नाही. बाराव्या शतकातील तिनमेलची मशीदही त्या रात्री बहुतांशी कोसळली. सहलीचा मुख्य मार्ग आता चालू आहे. पर्वतातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न पाहुण्यांच्या मुक्कामावर, खेचरांच्या भाड्यावर आणि वाटाड्याच्या मजुरीवर चालते, त्यामुळे आपण गेल्याने त्यांच्यावर भार पडत नाही. मात्र पडलेल्या घरांची छायाचित्रे काढत हिंडू नये, आणि मदत द्यायचीच असेल तर मुलांच्या हातात नाणी न देता मार्गदर्शकाला विचारून गावाच्या संस्थेकडे द्यावी.

गावातील मुक्काम बहुधा झीत (gîte) नावाच्या अतिथीगृहात असतो. हे एखाद्या कुटुंबाचेच घर असते, वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या, सामाईक न्हाणीघर आणि बसण्यासाठी भिंतीलगत गाद्या घातलेली मोठी खोली. गाडीचा रस्ता जेथे संपतो तेथून सामान खेचरावर जाते, म्हणून चाकांची मोठी पेटी न नेता खांद्याची किंवा मऊ पिशवी न्यावी. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून, अक्रोड, सफरचंद आणि चेरीच्या झाडांखालून पाटाच्या कडेकडेने चालणे हा तेथील दिवसाचा मुख्य कार्यक्रम आणि माझ्या मते संपूर्ण सहलीचा गाभा आहे. वाळूचे टेकाड एका संध्याकाळी पाहून होते, गाव तसे पाहून होत नाही.

पाहुणा घरात आला की पुदिन्याचा चहा येतोच. यजमान बसूनच तो करतात: हिरव्या चहाची पत्ती एकदा गरम पाण्याने विसळून ते पाणी टाकतात, मग भरपूर पुदिना आणि ढेपेचे खडीसाखरेसारखे तुकडे घालून किटली निखाऱ्यावर ठेवतात, पहिला पेला भरून पुन्हा किटलीत ओततात आणि मगच उंचावरून बारीक धार धरून सर्वांचे पेले भरतात. हे सर्व सावकाश चालते आणि मधेच उठणे असभ्य ठरते. आपल्या सहलीच्या आखणीत या चहासाठी वेळ ठेवलेला असावा. स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत आणि नकार मिळाला तर आग्रह करू नये. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे वापरावेत. साडी किंवा सलवार-कमीज तेथे अगदी योग्य दिसते. देशातील बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो, कॅसाब्लांकाची हसन द्वितीय मशीद हा ठळक अपवाद आहे.

मार्गदर्शकाविषयीही येथेच लिहितो. मोरोक्कोत गाडीचा चालक आणि परवानाधारक मार्गदर्शक ही दोन वेगळी माणसे असतात, आणि कमी दराच्या सहलीत अनेकदा केवळ चालकच असतो. पर्वतातील मार्गदर्शकांसाठी आइत बुगमेझ खोऱ्यातील ताबांत येथे स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र आहे, आणि 4167 मीटर उंचीच्या तुबकाल शिखराकडे जाताना मार्गदर्शक सोबत असणे सक्तीचे आहे. मराठी बोलणारा सहल-व्यवस्थापक असणे ज्येष्ठांना सोयीचे वाटते आणि ते समजण्यासारखे आहे, परंतु तो स्थानिक मार्गदर्शकाची जागा घेऊ शकत नाही. शक्यतो त्याच खोऱ्यात वाढलेला अमाझिघ मार्गदर्शक मागावा. कोणाच्या अंगणातून जावे आणि कोणत्या वाटेने बायका गवताचे भारे घेऊन येतात म्हणून बाजूला व्हावे, हे त्यालाच ठाऊक असते.

अथणी तालुक्यातील एक शेतकरी : मला किल्ले-राजवाड्यांत विशेष रस नाही. वाळवंटाच्या काठावर ही माणसे पीक कसे घेतात आणि पाणी कोठून आणतात हे पाहायचे आहे. अशा सहलीत ते दिसेल का?

दिसेल, आणि आपल्यासारख्यांनी तेथे जावे असे मला मनापासून वाटते. तोद्रा घळीजवळच्या तिन्घिर शहराहून मर्झुगाकडे जाताना तफिलाल्त हा प्रदेश लागतो. तेथे रस्त्याच्या कडेला मातीचे गोल उंचवटे एका ओळीत, ठराविक अंतरावर, दूरवर गेलेले दिसतात. पुष्कळ गाड्या तेथून न थांबता निघून जातात. प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध एक विहीर आहे आणि त्या सर्व विहिरी जमिनीखालून एकाच बोगद्याने जोडलेल्या आहेत. याला खेत्तारा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी, जेथे भूजल वर आहे, तेथे पहिली खोल विहीर खणायची आणि तिच्यापासून गावाकडे अगदी बेताचा उतार ठेवून बोगदा न्यायचा, म्हणजे पाणी मोटेशिवाय, इंजिनाशिवाय, केवळ उतारावर वाहत गावाच्या शेतात उघड्यावर येते. मधल्या विहिरी बोगद्यातील माती वर काढण्यासाठी, हवेसाठी आणि दरवर्षीच्या गाळकाढणीसाठी असतात. पाणी भुईखालून वाहत असल्यामुळे उन्हाने आटत नाही.

ही रचना आपल्याला परकी नाही. अथणीहून फार दूर नसलेल्या विजापुरात आदिलशाहीच्या काळी तोरवीहून शहरात पाणी आणणारी भुयारी योजना याच तत्त्वावर होती, आणि बिदरजवळच्या करेझ त्याच जातीच्या आहेत. जाण्यापूर्वी एकदा विजापूरची सुरंग बावडी पाहून घेतली तर तफिलाल्तमध्ये काय पाहायचे ते लगेच लक्षात येईल.

पाण्याची वाटणी वेळेच्या हिशेबाने होते. ज्या घराण्याने खोदाईत आणि गाळकाढणीत जितका वाटा उचलला तितका वेळ पाणी त्याच्याकडे, आणि आपली पाळी आली की शेतकरी पाटाच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध फावड्याने फोडून पाणी वाफ्यात घेतो आणि पाळी संपताच चिखलाने पुन्हा बुजवतो. बारे देण्याची ही रीत आपण घरच्या शेतात जशी पाहता तशीच तेथे दिसेल. पीक तीन थरांत असते. वर खजुराच्या झाडांची सावली, तिच्याखाली ऑलिव्ह, डाळिंब आणि अंजीर, आणि त्यांच्याखाली जमिनीवर लसूणघास, सातू आणि भाजीपाला. उन्हाचा पहिला मारा खजूर घेतो, म्हणूनच खालची पिके जगतात. खजुराची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे वसंतात माणूस झाडावर चढून नरफुलांचे झुबके मादीच्या फुलोऱ्यात बांधतो. एप्रिलच्या आसपास गेलात तर हे काम चाललेले दिसू शकते आणि ऑक्टोबरमध्ये गेलात तर तोडणी. मेजूल हा नामांकित खजूर याच भागातला. बायूद नावाच्या बुरशीजन्य मररोगाला तो लवकर बळी पडतो आणि या रोगाने मोरोक्कोच्या खजूरबागांची मोठी हानी केलेली आहे.

आपल्या भागासाठी विचार करण्यासारखी गोष्ट अशी की अनेक खेत्तारा आता कोरड्या पडल्या आहेत. झीझ नदीवर 1971 साली हसन अद्दाखिल धरण पूर्ण झाले आणि पुराच्या पाण्याने होणारे खालच्या भागातील पुनर्भरण बदलले. त्यानंतर मोटारपंप आले. ज्याच्याकडे पैसा त्याने खोल उपसा केला, भूजल बोगद्याच्या तळाखाली गेले आणि सर्वांची सामाईक व्यवस्था बंद पडली. बोअरवेलची स्पर्धा पाहिलेल्या माणसाला त्यापुढचे समजते. आयोजकाला लेखी सांगा की जोर्फजवळच्या खेत्तारात थांबून आत उतरून पाहायचे आहे आणि एखाद्या बागेत शेतकऱ्याबरोबर एक सकाळ घालवायची आहे. गालिच्याच्या दुकानातील एक तास कमी केला तर हे सहज बसते.

निपाणी येथील एक शिक्षिका : या लोकांची भाषा टिकून आहे का? आमच्याशी ते कोणत्या भाषेत बोलतील?

टिकून आहे, आणि त्यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. 2011 च्या राज्यघटनेने अरबीबरोबर तमाझिघ्त हीही अधिकृत भाषा ठरवली. तिच्या अभ्यासासाठी 2001 साली राजेशाही संस्था स्थापन झाली होती आणि 2003 मध्ये शालेय शिक्षणासाठी तिफिनाघ ही लिपी स्वीकारली गेली. रेषा, वर्तुळे आणि बिंदू यांनी बनलेली ही लिपी शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या पाट्यांवर अरबी आणि फ्रेंचसोबत दिसते. यन्नायेर हा त्यांचा वर्षारंभ 2024 पासून सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. घटनेत नाव आले म्हणून वर्गात शिक्षक आले असे होत नाही, आणि सर्व शाळांपर्यंत ही भाषा अजून पोहोचलेली नाही, याविषयी आपल्यासारख्या शिक्षिकेने तेथील शिक्षकांशी अवश्य बोलावे.

घरी एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा वापरणे सीमाभागातील माणसाला नवे नाही, म्हणून आपल्या वाचकांना ही माणसे लवकर कळतील असे मला वाटते. ॲटलासमधील स्त्री मुलाशी तमाझिघ्तच्या आपल्या बोलीत बोलते, आठवड्याच्या बाजारात दारिजा ही मोरोक्कन अरबी बोलते, आणि दवाखान्याचा कागद बहुधा फ्रेंचमध्ये असतो. मार्गदर्शकांना इंग्रजी येते. भेटताना ‘अझुल’ आणि निघताना ‘तनमीर्त’, म्हणजे आभार, एवढे दोन शब्द जरी आपण बोललात तरी चेहरे खुलतात.

चिकोडी येथील एक जैन दांपत्य : कांदा, लसूण, बटाटा नको असेल तर निभाव लागेल का?

लागेल, परंतु तयारीने. भाज्यांचा ताजीन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला पदार्थ, सर्वत्र मिळतो, पण त्यात बटाटा, गाजर आणि कांदा हाच मुख्य ऐवज असतो, आणि शुक्रवारच्या कुसकुसवरील, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या कण्यांवरील, भाज्या बहुधा मांसाच्या रश्श्यात शिजवलेल्या असतात. हरीरा हे सूपही अनेकदा मांसाचेच असते. आपल्याला चालणारे पदार्थ म्हणजे खोब्झ ही गोल पाव-भाकरी, म्सेमेन ही घडीची पोळी, ऑलिव्ह, ताजी फळे, सुकामेवा आणि आर्गन तेल, बदाम व मध यांचा अमलू. मध वर्ज्य असेल तर तोही नाही. झीतमध्ये स्वयंपाक घरचाच असल्यामुळे आधी कळवले तर भोपळा, दुधी, टोमॅटो यांची भाजी वेगळी करून देतात, मात्र भांडी वेगळी असतील ही अपेक्षा धरू नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरेशी सोबत न्यावी. ती वाळवंटाच्या कोरड्या हवेत उत्तम टिकते.

शहापूर, बेळगाव येथील एक निवृत्त गृहस्थ : आमचा मुलगा जर्मनीत आहे. त्याच्याकडे गेलो असताना तेथूनच मोरोक्कोला जाऊन यावे असा विचार आहे. शेंगेन व्हिसा चालेल का?

शेंगेन व्हिसावर मोरोक्कोत प्रवेश मिळत नाही. भारतीय पारपत्रधारकाला मोरोक्कोचा वेगळा व्हिसा लागतो. काही देशांचा वैध व्हिसा हाती असलेल्यांना ई-व्हिसाची सोय आहे आणि आपण तिच्यात बसता का हे मोरोक्को सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करण्यापूर्वी पाहावे. याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या शेंगेन व्हिसावरील प्रवेशांची संख्या ही आहे. तो एकाच प्रवेशाचा असेल तर मोरोक्कोला जाताच तो संपतो आणि मुलाकडे परत जाता येत नाही. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि मोरोक्कोच्या सहलीची आखणी अर्जासोबत जोडावी.

संकेश्वर येथील एक वाचक : आईचे वय 68 आहे, गुडघे दुखतात. उंटावर बसणे जमेल का? कोणता महिना बरा?

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवंटात पारा 40 अंशांच्या वर असतो आणि जानेवारीच्या रात्री तो शून्याजवळ येतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो; त्या महिन्यात दिवसा खेड्यातील खाणावळी बंद असतात, चालकही उपाशी असतो, म्हणून ज्येष्ठांसोबत तो टाळावा.

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारा जोरात पुढे झुकतो, आणि बसताना तो आधी पुढचे पाय मुडपतो, त्यामुळे तेव्हाही पुढेच झटका बसतो. गुडघ्यांपेक्षा कंबरेला आणि मांड्यांना याचा त्रास अधिक होतो. तंबूपर्यंतची उंटस्वारी साधारण तास-दीड तासाची असते. आईंना जीपने तंबूवर पोहोचवण्याची सोय बहुतेक आयोजक करतात, ती आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्यावी. तंबूत जमिनीवरची गादी नसून पलंग आहे का आणि शौचालय बैठे आहे का, हेही विचारावे. औषधे दुप्पट न्यावीत आणि अर्धी हातातील पिशवीत ठेवावीत, कारण मर्झुगाहून मोठे रुग्णालय असलेले एर्राशिदिया शहर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. प्रवास विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च समाविष्ट असावा. कोरड्या ओढ्यांच्या पात्रात गाडी उभी करून जेवणाचा बेत कोणी करत असेल तर नकार द्यावा, कारण डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा तेथे निरभ्र आकाशाखालीही येतो. 2006 साली खुद्द मर्झुगात अशा पुराने घरे वाहून गेली होती.